३१ जुलै १९६९ : दिल्लीतला एक दिवस सरकारी कागदपत्रांतून कसा उभा करावा?

धरमपेठची वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात इतिहास शिकवते. आमच्या अभ्यासमंडळात न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांच्यावर एक व्याख्यान देण्याचे मी कबूल केले आहे. आपल्या शहराला ते वकील आणि न्यायाधीश म्हणून ठाऊक आहेत. १९३० पासून त्यांनी येथे वकिली केली, विधी महाविद्यालयात शिकवले, १९४६ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या पस्तीस दिवसांविषयी बोलायचे आहे. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले, त्यांच्या जागी काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी २० जुलै रोजी पद सोडले, आणि सरन्यायाधीश असलेले हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत हंगामी राष्ट्रपती राहिले. याच काळात, ३१ जुलैला, अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले.

हा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत श्रोत्यांपुढे उभा करावा, अशी माझी इच्छा आहे. निक्सन यांच्या ग्रंथालयाने त्यांची दैनंदिनी संकेतस्थळावर ठेवलेली आहे. त्या दौऱ्याची पाने मी उतरवून घेतली आणि दोनदा वाचली. तीत वेळा आहेत, ठिकाणे आहेत, भेटलेल्यांची नावे आहेत. कोण कोणाशी काय बोलले, याचा मागमूस नाही. निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप प्रसिद्ध आहेत, तेव्हा दिल्लीतले बोलणे त्यांत ऐकायला मिळेल का? मिळणार नसेल, तर ते कोणत्या कागदात शोधावे? आणि हिदायतुल्ला यांच्या बाजूची नोंद भारतात कोठे असेल? नागपुरात बसून यातले किती साधेल, हेही जाणकारांनी सांगावे.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, टेपचे आधी सांगतो, म्हणजे आपली शोधाशोध वाचेल. निक्सन यांच्या कार्यालयातली ध्वनिमुद्रणाची यंत्रणा १६ फेब्रुवारी १९७१ रोजी सुरू झाली आणि जुलै १९७३ मध्ये बंद पडली. सुमारे ३७०० तासांच्या त्या मुद्रणात १९६९ चा एकही शब्द नाही, आणि परदेश दौऱ्यातल्या बैठकी तर त्यात कधीच आल्या नाहीत. दिल्लीच्या दिवसासाठी कागदावरच भिस्त ठेवावी लागेल.

आता दैनंदिनीविषयी. नावावरून ती अध्यक्षांनी रात्री दिव्याखाली बसून लिहिलेली वही वाटते, पण तसे नाही. अध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या नोंदी, टेलिफोन ऑपरेटरांच्या याद्या, भेटींची वेळापत्रके आणि अशीच इतर टिपणे गोळा करून अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कर्मचाऱ्यांनी ती टंकलिखित केली. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते तेवढेच तिला दिसते : कोण आत गेले, केव्हा बाहेर आले, फोन आला की केला. म्हणून 'केव्हा' आणि 'कोण' या दोन प्रश्नांना ती फार विश्वासू साक्षीदार आहे, आणि 'काय बोलले' या तिसऱ्या प्रश्नाला ती साक्षीदारच नाही. तिची परिशिष्टे मात्र वगळू नका. मेजवान्यांच्या पाहुण्यांच्या याद्या अनेकदा तेथे असतात, आणि कोणाला बोलावले होते यावरून यजमानांनी त्या संध्याकाळकडे कसे पाहिले, ते पुष्कळ कळते.

बोलण्याचा मजकूर हवा असेल तर कागदांचे तीन थर वेगवेगळे ठेवावेत. पहिला थर भेटीच्या आधीचा : अध्यक्षांसाठी तयार केलेली माहितीपुस्तिका आणि 'हे मुद्दे मांडावेत' अशी टिपणे. नवखा अभ्यासक येथे हमखास फसतो, कारण ती टिपणे इतकी नीटस असतात की तेच प्रत्यक्ष बोलले गेले असे वाटू लागते. दुसरा थर भेटीचा : बैठकीत हजर असलेल्या अधिकाऱ्याने मागाहून लिहिलेले संभाषण-टिपण. तिसरा थर भेटीनंतरचा : दूतावासाच्या तारा, आभाराची पत्रे, आणि परराष्ट्र खात्याने आपल्या इतर वकिलातींना कळवलेला सारांश. अमेरिकी परराष्ट्र खाते आपली निवडक कागदपत्रे १८६१ पासून ग्रंथमालेच्या रूपाने छापत आले आहे. त्या मालेत १९६९ ते १९७२ या काळातल्या दक्षिण आशियाचा एक खंड केवळ संगणकीय स्वरूपात प्रसिद्ध झालेला असून तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. सुरुवात तेथून करा. वाचताना चौकटी कंसात 'मजकूर खुला केलेला नाही' अशी सूचना दिसेल, तेथे थांबून किती ओळी गाळल्या आहेत ते टिपून ठेवा. त्याच कागदाची दुसरी प्रत पुढे दुसऱ्या खोक्यात पूर्ण खुली झालेली सापडते, असे पुष्कळदा घडते.

वेळेचा हिशेबही पहिल्याच दिवशी पक्का करा. तारांवरची वेळ ग्रिनिचची असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. वॉशिंग्टनमध्ये मात्र जुलैत उन्हाळी वेळ चालू असल्याने आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो. दिल्लीत रात्री ९ वाजता मेजवानी रंगात असेल, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. हा फरक विसरला, तर उत्तराची तार प्रश्नाच्या आधी निघाल्यासारखी दिसते. मी स्वतः एकदा अशा चुकीवर आठवडाभर एक निष्कर्ष बांधत बसलो होतो.

एक सराव सुचवतो. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधी वॉशिंग्टनला निक्सन यांना भेटल्या, त्या भेटीची दैनंदिनी, लेखी टिपण आणि टेप अशी तिन्ही साधने उपलब्ध आहेत. लेखी टिपणातली भाषा सभ्य, मोजूनमापून केलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर आपसांत बोलले, त्याचे मुद्रण ऐकले की त्या सभ्यतेखाली काय होते ते कळते. हे उतारे २००५ मध्ये छापून आल्यावर किसिंजर यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. हा सराव केल्यावर १९६९ चे टिपण आपण वेगळ्या, अधिक सावध नजरेने वाचाल.

दप्तरखाना

ग्रंथपाल काकांनी अमेरिकी बाजू इतकी नीट मांडली आहे की मी थेट भारतीय बाजूकडे येतो.

सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि त्याखालचे नियम १९९७ चे. त्यानुसार पंचवीस वर्षांपेक्षा जुने, कायम जतन करण्याजोगे कागद खात्यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायचे असतात. १९६९ ला ती मुदत केव्हाच उलटली आहे. अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. परराष्ट्र मंत्रालय आणि राष्ट्रपती सचिवालय या दोन्ही नावांखाली शोध घ्या. शब्द बदलून बदलून शोधावे लागेल, कारण नस्तीचे (फाईलचे) शीर्षक लिहिणाऱ्या कारकुनाने 'निक्सन' न लिहिता 'अमेरिकेच्या अध्यक्षांची भेट' किंवा नुसतेच 'मान्यवर पाहुण्यांचा दौरा' असे लिहिलेले असू शकते. राजशिष्टाचार विभागाच्या नस्त्या लोक कोरड्या म्हणून सोडून देतात. आपल्या कामासाठी त्याच सोन्यासारख्या आहेत, कारण विमानतळावर कोण कोणत्या क्रमाने उभे राहणार, कोणत्या गाडीत कोण बसणार, मेजावर कोणाची खुर्ची कोठे, हे सारे त्यांत असते. अमेरिकी दैनंदिनीतली एक ओळ आणि आपल्याकडचा मिनिटवार कार्यक्रम समोरासमोर ठेवला की ठरले काय होते आणि झाले काय, यातला फरक दिसतो. त्या फरकात दिवस सापडतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे ठिकाण दिल्लीतले तीन मूर्ती भवन. त्या वेळी पंतप्रधानांचे सचिव असलेले पी. एन. हक्सर यांचे कागद तेथील ग्रंथालयात आहेत. हक्सर यांची टिपणे वाचण्याजोगी असतात. ते गोल गोल लिहीत नसत.

दिल्लीला जाण्यापूर्वी मन घट्ट करा. एका अभिलेखागारात मी चार दिवसांत एकवीस मागणीचिठ्ठ्या दिल्या आणि त्यांतल्या तेरा 'हस्तांतरित नाही' असा शेरा मारून परत आल्या. सूचीत असलेली नस्ती कपाटात नव्हती. तेव्हा डोळ्यांत पाणी आले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण रजा मोजकी होती आणि परतीचे तिकीट काढलेले होते. तेव्हापासून मी प्रत्येक विषयासाठी तीन पर्यायी नस्त्यांचे क्रमांक काढल्याशिवाय गाडीत बसत नाही. परत आलेल्या चिठ्ठ्याही जपून ठेवतो. कोणता कागद मागितला आणि मिळाला नाही, ही सुद्धा अभ्यासाची नोंद आहे.

नागपुरातल्या आपल्या अभिलेखागारात मध्य प्रांत व वऱ्हाडाची दप्तरे आहेत. तेथे हिदायतुल्ला यांच्या नागपूरच्या कारकिर्दीचे धागे शोधावेत. १९६९ च्या परराष्ट्र व्यवहारासाठी मात्र तेथे वेळ घालवू नये.

सिव्हिल लाइन्स

मी वकील आहे, इतिहासकार नाही, तरीही प्रश्नाच्या मांडणीबद्दल एक आक्षेप नोंदवतो. आपण हा दिवस हिदायतुल्ला आणि निक्सन या दोघांचा म्हणून उभा करणार असाल, तर श्रोत्यांचा गैरसमज होईल. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे रिकामी असताना काय करावे, हा प्रश्न संविधानाच्या सत्तराव्या अनुच्छेदाने संसदेवर सोपवला होता, आणि संसदेने मे १९६९ मध्येच त्यासाठी कायदा करून सरन्यायाधीशांवर ती जबाबदारी टाकली. त्या कायद्याने हिदायतुल्ला राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीत आले. स्वागत, मेजवानी आणि औपचारिक भाषण हे राष्ट्रप्रमुखाचे काम आहे. धोरणाची बोलणी पंतप्रधानांची. हिदायतुल्ला तर वर्षानुवर्षे न्यायासनावर बसलेले, मर्यादा ओळखणारे गृहस्थ होते. त्यांच्या तोंडी मुत्सद्देगिरी घालण्याचा मोह टाळावा, ही कळकळीची विनंती.

त्यातही तो पंधरवडा आठवा. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला होता, त्याच्या तीन दिवस आधी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले गेले होते, आणि १६ ऑगस्टला राष्ट्रपतिपदाचे मतदान व्हायचे होते. पाहुणा दिल्लीत उतरला तेव्हा यजमान पंतप्रधान आपल्याच पक्षाशी झुंजत होत्या. कोणत्याही अमेरिकी दैनंदिनीत हे एका ओळीनेही येणार नाही.

दुसरे, दिल्लीपाशी थांबू नका. निक्सन यांचा तो दौरा २४ जुलैला प्रशांत महासागरात चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांच्या स्वागताने सुरू झाला; ग्वाम, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, थायलंड, दक्षिण व्हिएतनाम करून ते भारतात आले, १ ऑगस्टला लाहोरला गेले आणि तेथून रुमानियाला. चीनशी संपर्क साधायची आपली इच्छा त्यांनी लाहोरमध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्या कानी घातली, आणि त्याच वाटेने पुढे जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुपचूप पेकिंगला पोहोचले. दिल्लीचे टिपण एकटे वाचले तर एक साधी सदिच्छा भेट दिसते. लाहोरचे टिपण शेजारी ठेवले की आदल्या दिवशी दिल्लीत काय बोलले गेले नाही, ते दिसू लागते. माझ्या मते व्याख्यानाचा गाभा तेथे आहे.

धरमपेठची वाचक

आपणा तिघांचेही मनापासून आभार. वकीलसाहेबांचा आक्षेप मला पूर्ण पटला असे म्हणणार नाही. धोरणाची बोलणी पंतप्रधानांची, हे मान्य. पण नागपूरच्या न्यायालयात घडलेला एक माणूस पस्तीस दिवसांसाठी राष्ट्रप्रमुख होतो, आणि चंद्रावर माणूस उतरला त्याच पंधरवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षाचे यजमानपद भूषवतो, तेव्हा त्या औपचारिक भाषणातला प्रत्येक शब्द कोणी लिहिला, कोणी तपासला आणि त्यांनी स्वतः त्यात काय बदलले, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. मसुद्याची प्रत राष्ट्रपती सचिवालयाच्या नस्तीत मिळाली, आणि तिच्या समासात त्यांच्या हातची दुरुस्ती असली, तर तेवढ्यावर मी अर्धा तास बोलू शकेन. लाहोरविषयीची सूचना मात्र जशीच्या तशी स्वीकारते. व्याख्यान आता दोन दिवसांचे असेल, ३१ जुलै आणि १ ऑगस्ट.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, मसुद्याचा विचार उत्तम. झालेल्या भाषणाचा पाठ अमेरिकी अध्यक्षांच्या जाहीर भाषणांच्या छापील मालेत पाहावा, म्हणजे मसुदा हाती आल्यावर तुलना करता येईल. निक्सन यांचे निकटचे सहकारी हाल्डेमन यांनी रोज टिपणे ठेवली होती, तीही निक्सन यांच्या ग्रंथालयात आहेत. अध्यक्षांची मनःस्थिती, थकवा, कोणती भेट त्यांना आवडली आणि कोणती नाही, हे सरकारी टिपणात न येणारे त्यांत येते. अर्थात ती एका निष्ठावंताची नजर आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

दिल्लीचे तिकीट काढण्यापूर्वी नागपुरातले एक काम उरकून घ्या. 'हितवाद' आणि 'तरुण भारत' यांचे १ आणि २ ऑगस्ट १९६९ चे अंक पाहा. आपल्याच शहराचा माणूस राष्ट्रपती भवनात यजमान होता, ही बातमी येथे कोणत्या पानावर आणि कोणत्या मथळ्याखाली आली, ते परदेशी दप्तरात कोठेच नसणार. सीताबर्डीवरच्या ज्या वाचनालयात मी जातो, तेथे जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत, पण कागद फार ठिसूळ झाला आहे आणि छायाप्रत काढू देत नाहीत. येत्या शनिवारी सकाळी अकराला मी तेथे असेन. आपण आलात तर फाईल दोघांनी मिळून उलटू. एकाने पान धरायचे, दुसऱ्याने उतरवून घ्यायचे.