मदत हवी आहे: पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीला कायमची मदत कशी मिळेल? (सोलापूर)

विडी घरकुल भागात ७१ वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. यजमान महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते, पेन्शन लागायच्या आतच सुटले. आता हयात नाहीत. आजींना विड्या वळणं जमत नाही. गल्लीतली वर्गणी किराण्यापुरती होते. डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटल्याची नोंदवही) आहे, पण त्यात आजींचं नावच नाही. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट (हलाखीतल्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना दरमहा मदत) अशांसाठीच आहे: वय ६५ च्या पुढे, सैनिकाचा हुद्दा हवालदारापर्यंत, पेन्शन नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दरमहा ४,००० ऐवजी ८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन असला तरी शिफारस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची लागते, म्हणून आधी तिथेच जा.

निघण्यापूर्वी डिस्चार्ज बुकात सुटण्याचं कारण काय लिहिलंय ते वाचा. माजी सैनिक कोणाला म्हणायचं याचे निकष सुटण्याच्या तारखेनुसार बदलतात. 'स्वतःच्या विनंतीवरून' असेल तर अडचण येऊ शकते. वैद्यकीय कारण असेल तर अपंगत्व पेन्शनची चौकशी आधी करा. ती लागू होत असेल तर आजींना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला होऊ शकतो.

आजींच्या नावाची नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये होते, महारचं सागरला (मध्य प्रदेश) आहे. मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, आधार आणि प्रतिज्ञापत्र कार्यालयाच्या सल्ल्याने पाठवा. प्रत्येक कागदावर सेवाक्रमांक हवा. आधार, पासबुक, प्रतिज्ञापत्र, सगळीकडे नाव अक्षरशः एकच असू द्या. एका जादा 'बाई'पायी अर्ज परत येतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. श्रावणबाळ योजनेचे (राज्य सरकारची वृद्धांसाठीची मदत) पैसे चालू आहेत, ते सांगायचं का? आणि दवाखान्याचं काय?

प्रतिसाद २
सांगायचंच. इतर सरकारी मदत घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं, तेव्हा खोटं लिहू नका. श्रावणबाळ आपणहून बंदही करू नका. आधी कार्यालयात विचारा, नाहीतर मधले महिने आजी दोन्हीकडून उपाशी राहतील. वर्गणीही पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत थांबवू नका.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, मुख्यतः पेन्शनधारकांसाठी. ७० च्या पुढच्यांना मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते लगेच काढा. आयुष्यभर विड्या वळलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. खातं निष्क्रिय नाही ना, तेही पासबुक भरून बघा.