शब्दचर्चा: शेजाऱ्याचं वायफाय आपण वापरतो, ढापतो की आणखी काही?

लोणकढी:
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं की कोणीतरी माझं वायफाय चोरतंय, त्यावर एका पोराचं उत्तर, काका तुमच्या वायफायला पासवर्डच नाहीये, मग चोरी कसली, "वापरलं" म्हणा की. नीती वगैरे बाजूला ठेवा, मला प्रश्न पडला तो क्रियापदाचा. मालकाने कुलूप लावलेलं नाही, त्याने दिलंयही नाही, आपण घेतलं आणि त्याच्याकडचं तर काही गेलं नाही (निदान दिसत तरी नाही). ह्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? चोरणे, ढापणे, वापरणे, लाटणे, काय?

बारा_गावचं_पाणी:
सोप्पंय. आकडा टाकणे. आमच्या गावाकडे लाइटच्या तारेवर हूक अडकवून वीज घेतात त्याला आकडाच म्हणतात, वायफायवर पण आकडाच टाकला म्हणायचं.

खडीसाखर:
आकड्यासाठी बांबू घेऊन रात्री खांबाखाली जावं लागतं हो, इथे तर पोरगं गादीवर लोळतंय आणि फोन आपणहून जोडला जातोय. मला "उसनं वायफाय" बरं वाटतं, जरा सभ्य.

लोणकढी:
उसनं म्हणजे परत द्यायचं असतं. वाटीभर साखर नेली की वाटीभर साखर आणून द्यायची. डेटा कसला परत देताय! शिवाय उसनं मागून नेतात. उसनं बाद.

काळा_डगला:
कायद्याच्या भाषेत बघा, गंमत आहे. चोरी म्हटलं की जंगम मालमत्ता लागते. वीज जंगम मालमत्ता नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्येच पंजाबातल्या एका खटल्यात सांगितलंय, म्हणजे वर ज्यांनी आकडा काढला त्यांच्या आकड्यालासुद्धा दंडसंहितेतली चोरी लागत नव्हती, विजेच्या स्वतंत्र कायद्याने तिला चोरी ठरवलं म्हणून ती चोरी (आता २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५). जुन्या भादंविच्या व्याख्येत जंगम म्हणजे मूर्त वस्तू असं होतं, नव्या न्याय संहितेत तो मूर्त शब्दच गळलाय, त्यामुळे पुढे वाद रंगणार. पण वायफायवाल्याला धरायचं तर आयटी कायदा. तिथे कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरण्याला चोरी म्हटलेलंच नाही, मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश एवढंच म्हटलंय. नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पासवर्ड होता की नव्हता हा प्रश्न कलम विचारत नाही, परवानगी होती का हे विचारतं. तेव्हा माझं मत "विनापरवाना वापर".

ओली_भेळ:
डगलेसाहेब, "विनापरवाना वापर" असं घरात कोण बोलेल? मुंबईत आपण तिकीट न काढता लोकलमध्ये चढणाऱ्याला काय म्हणतो, विदाउट! तो विदाउट जातो. तसं हा विदाउट वायफाय चालवतो. गाडी तशीही जाणारच होती, आपल्या चढण्याने डबा काही जड होत नाही, असं तो विदाउटवालाही म्हणतोच ना.

म्युनिकचा_मोरू:
ओली भेळ, जर्मनांनी अगदी हेच केलंय! विनातिकीट प्रवासाला इथे श्वार्झफारेन म्हणतात, शब्दशः काळा प्रवास, आणि त्याच्यावरून दुसऱ्याच्या उघड्या वायफायवर बसण्याला श्वार्झसर्फन. वुपरटालमध्ये २००७ साली खालच्या कोर्टाने असं करणाऱ्याला दोषी धरलं आणि २०१० मध्ये तिथल्याच वरच्या कोर्टाने म्हटलं की हा गुन्हाच नाही. उलट त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने पासवर्ड नीट न लावणाऱ्या मालकाला जबाबदार धरलं, तो बिचारा सुट्टीवर गेलेला आणि त्याच्या कनेक्शनवरून कोणीतरी गाणं शेअर केलेलं. तो नियम २०१७ मध्ये सैल झाला, पण इथली जुनी मंडळी वायफाय उघडं ठेवायला अजून बिचकतात.

खडीसाखर:
म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी 😀

सांडगी_मिरची:
फाशीवर हसू नका, आपल्याकडे त्याहून वाईट झालंय. जुलै २००८, अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा मेल आला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून, राहणारा परदेशी माणूस, त्याचा काही संबंध नसताना चौकशीच्या फेऱ्यात सापडला. पुढचे मेल माटुंग्याच्या कॉलेजातून आणि सप्टेंबरात चेंबूरच्या एका ऑफिसातून, तिथेही दुसऱ्याचंच वायफाय. त्यानंतर मुंबई पोलिस उघडी वायफाय शोधत हिंडायला लागले. तेव्हा "त्याचं काय गेलं" हे वाक्य मला पटत नाही. आपण काही बॉम्बचे मेल पाठवत नाही हो, पण बाहेरून पाहणाऱ्याला मालकाचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि आपला आयपी एकच दिसतो, म्हणजे आपण डेटा नुसता घेत नाही, त्याचं नाव लावून फिरतो. माझ्या मते ह्याला "तोतयेगिरी" जास्त जवळचा शब्द.

लोणकढी:
तोतया मुद्दाम नाव लावतो, इथे ते आपसूक लागतं, तेवढा फरक सोडला तर मुद्दा खणखणीत आहे. आणि "काय गेलं" चं म्हणाल तर त्या काळात प्लॅन एमबीवर मोजायचे, हद्द ओलांडली की बिल फुगायचं. माझ्या मामांना असं एक बिल आलं होतं, ते आठ दिवस कंपनीशी भांडत होते आणि पिक्चर वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरं बघत होती. आता अनलिमिटेड आल्यामुळे क्रियापद मवाळ झालंय असं मला वाटतं.

पाटावरवंटा:
सगळे क्रियापदाच्या मागे लागलात, पण घोळ विशेषणात आहे. उघडं आणि खुलं आपण एकच समजतो. मराठीत दार उघडं *राहतं*, वाचनालय सर्वांसाठी खुलं *असतं* किंवा *करतात*. खुल्यामागे करणारा लागतो, उघडं नुसत्या विसराळूपणानेही होतं. मुंबई सेंट्रलला २०१६ मध्ये स्टेशनचं फुकट वायफाय सुरू झालं ते खुलं. फोनच्या यादीत ज्या नावापुढे कुलपाचं चित्र नाही, नाव राउटरच्या डब्यावर छापलेलं तेच, म्हणजे मालकाने सेटिंगचं पान एकदाही उघडलेलं नाही, ते उघडं. आणि "जोशी गेस्ट, या बसा" असं नाव ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय, तिथे बसायला काय हरकत आहे, जोशांनीच खुलं केलंय. इंग्रजीत दोन्हीला ओपन म्हणतात म्हणून तुमच्या ग्रुपवरच्या पोराची गल्लत झाली असावी. पासवर्ड नसणं म्हणजे परवानगी असणं नव्हे, आणि हा फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे, वापरा की.

बारा_गावचं_पाणी:
+१. आकडा मागे घेतो. पण जो शेजाऱ्याचं वायफाय स्वतःच्या पाहुण्यांनाही जोडून देतो त्याच्यासाठी "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" तयारच आहे, ते कोणी बदलू नका.

निळी_शाई:
उशिरा येतोय. लोणकढींना हवा तो शब्द लाखो मराठी घरांत रोज म्हटला जातो. पंचशीलातलं दुसरं शील, *अदिन्नादाना वेरमणी*. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. आपण घाईत "मी चोरी करणार नाही" असा अर्थ सांगतो, पण शब्द चोरीपेक्षा रुंद आहे, त्यात कुलूप नाही, किंमत नाही, समोरच्याचं किती गेलं हेही नाही, फक्त दिलं होतं का. जैनांकडेही तेच, *अदत्तादानं स्तेयम्*, कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्रांना माहीत असेल.

ओली_भेळ:
भारी! पण फोन आपणहून जोडला गेला तर? आदान मी केलंच नाही, फोनने केलं.

निळी_शाई:
पहिल्यांदा फोनने. वर नाव वाचलंत, शेजाऱ्याचं आहे हे कळलं, आणि तरी मॅच लावलीत की मग तुम्ही.

ओली_भेळ:
शेवटची ओव्हर असेल तर?

काळा_डगला:
कलम ४३ मध्ये ओव्हरचा उल्लेख नाही.