तांबडी सुर्ल्याला घाई नको
गोव्यातली मंगेशी, म्हार्दोळ, कवळे आणि तांबडी सुर्ला ही चार ठिकाणची देवळं एकाच दिवसात उरकतील, असं एकाने सुचवलंय. पहिली तीन उरकतील. पोर्तुगीज अमलात देव झुआरी नदीच्या पलीकडच्या तीरावरून फोंड्याकडे हलवले, म्हणून ती देवळं इतकी जवळजवळ आहेत. मंगेशीचा देव मंगेश तर मूळचा पलीकडच्या कुठ्ठाळी गावचा.

सुर्ल्याला मात्र अर्धा दिवस द्याच. आम्ही दुपारी फोंड्याहून निघालो, जंगलातल्या रस्त्यावर मोबाईलची रेंज गेली, देवळापाशी पोचेस्तोवर उन्हं कलली (चहासाठी दोनदा थांबलो, हेही खरंच). कदंब राजांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळीच जावं. मंडपातला शीर नसलेला नंदी आम्ही शेवटी टॉर्च लावून पाहिला. देवळाजवळच्या नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या पाहायच्या राहिल्याच.