ट्यूमरमुळे बोटाचं हाड मोडलंय, एस६२ लावू की एम८४.५?

शिकाऊ_कोडर:
आयसीडी-१०-सीएमचा (निदानांना कोड देणारी यादी) एक चार्ट अडकलाय. त्यात एस६२ म्हणजे इजेने झालेलं मनगट-हाताचं फ्रॅक्चर आणि एम८४.५ म्हणजे ट्यूमरमुळे झालेलं. पेशंट बरणीचं घट्ट झाकण फिरवत होता आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं हाड मोडलं. एक्सरेत प्रॉक्सिमल फॅलँक्समध्ये (बोटाच्या मुळाकडच्या हाडात) एनकॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर नसलेला ट्यूमर, आणि फ्रॅक्चर त्यातूनच गेलेलं, डॉक्टरांनी नोटमध्ये एनकॉन्ड्रोमामुळे पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर (आजाराने कमकुवत झालेलं हाड मोडणं) असं स्पष्ट लिहिलंय. आत्ता फक्त स्प्लिंट दिलाय, क्युरेटाज (ट्यूमर खरवडून काढणं) नंतर. टीममध्ये म्हणतायत की झाकण फिरवताना मोडलं म्हणजे इंज्युरीच, एस६२.६ लाव. मला पटत नाहीये. शिवाय आधी ट्यूमर लिहायचा की फ्रॅक्चर? आणि एम८४.५४ मध्ये बोटाचा वेगळा कोडच सापडत नाहीये.

चार्टवाली_ताई:
एस६२ अजिबात नको. निरोगी हाड झाकण फिरवून मोडत नाही, आणि इथे तर डॉक्टरांनी कारण लिहूनच दिलंय. एम८४.५४१ए (ट्यूमरमुळे उजव्या हाताचं फ्रॅक्चर) लाव, त्याच्याखाली डी१६.११ (उजव्या हाताच्या लहान हाडातला बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेला ट्यूमर). बोटाचा कोड शोधू नकोस, एम८४.५४ मध्ये फक्त हात आहे, उजवा, डावा किंवा अनस्पेसिफाइड. बोटं वेगळी मिळतात ती एम८४.४४ मध्ये, पण तो ट्यूमरसाठी नाही.
क्रम उपचार कशावर चाललाय त्यावर ठरतो. आत्ता फ्रॅक्चरवर चाललाय म्हणून एम८४.५ आधी. उद्या हाड जुळत आलं आणि पेशंट ट्यूमर काढायला आला की डी१६.११ वर जाईल आणि फ्रॅक्चर डी कॅरेक्टर (कोडचं शेवटचं अक्षर, ॲक्टिव्ह ट्रीटमेंट संपून हाड जुळत असतानाच्या व्हिजिटसाठी) घेऊन खाली. आणि शेवटचं अक्षर ए म्हणजे पहिली व्हिजिट असं धरू नकोस गं, ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू असेपर्यंत ए, डॉक्टर बदलले तरी.

ऑर्थो_रेसिडेंट:
उपचाराच्या बाजूने सांगतो म्हणजे चार्ट वाचताना गोंधळ होणार नाही. एनकॉन्ड्रोमा हा हाताच्या हाडांतला सगळ्यात कॉमन बिनाइन ट्यूमर, बऱ्याचदा फ्रॅक्चर झाल्यावरच कळतो. पुष्कळ सर्जन आधी फ्रॅक्चर जुळू देतात, मग क्युरेटाज, वाटलं तर बोन ग्राफ्ट, काही जण एकाच वेळी दोन्ही करतात. काढलेला टिश्यू पॅथॉलॉजीला जायलाच हवा. आणि बोट लवकर हलवायला लावणं फार महत्त्वाचं, हाड छान जुळतं पण बोट आखडून बसतं आणि पेशंटला त्रास त्याचाच होतो. एकापेक्षा जास्त हाडांत गाठी दिसल्या तर ऑलिए डिसीज (अनेक हाडांत एनकॉन्ड्रोमा होणारा आजार) आहे का ते बघावं लागतं, त्यात पुढे कॉन्ड्रोसारकोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, व्हायचा धोका असतो म्हणून फॉलोअप सोडायचा नाही.

ऑन्को_कोडिंग:
सगळेच बिनाइन नसतात. कॅन्सर पसरून हाताच्या हाडात येणं दुर्मिळ आहे, पण येतो तेव्हा बऱ्याचदा फुफ्फुसातून, बोटाच्या टोकाशी, आणि दिसतो इन्फेक्शनसारखा, त्यामुळे निदान लांबतं. तिथे एम८४.५४ सोबत सी७९.५१ (हाडात पसरलेला कॅन्सर) आणि प्रायमरीचा, म्हणजे मूळ कॅन्सरचा कोड. आउटपेशंटला नोटमध्ये नुसतं सस्पेक्टेड ट्यूमर असेल तर ट्यूमर कोड करायचा नाही, डॉक्टरांना क्वेरी टाकायची, म्हणजे लेखी विचारायचं. आपल्या हातून बिनाइन पेशंटच्या रेकॉर्डवर कॅन्सर चिकटला तर पुढे त्याला किती ठिकाणी उत्तरं द्यावी लागतील विचार करा.

शिकाऊ_कोडर:
थँक्यू सगळ्यांना. एम८४.५४१ए आणि डी१६.११ टाकते, टीमला हाच थ्रेड दाखवते. क्युरेटाजचा चार्ट आला की पॅथॉलॉजी रिपोर्ट बघूनच क्रम ठरवेन.