सुपरवायझर झालो, आता शिकवणारं कोणी हवं

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात आहे, नुकतंच शिफ्ट सुपरवायझर केलंय. मशीनचं सगळं येतं पण माणसं सांभाळणं जमत नाही, वयाने मोठे कारागीर हो हो म्हणतात आणि करतात स्वतःच्या मनाचंच. कंपनीत कोणाला मेंटॉर करावं, आणि विचारायचं तरी कसं?

भुसावळकर: भाऊ, "मला लीडरशिप शिकवा" असं मोघम विचारू नको, समोरचा हो म्हणतो आणि विषय तिथंच राहतो. एकच अडचण घेऊन जा, म्हणजे शिफ्ट बदलताना अर्धवट काम कोणाच्या गळ्यात यावरून रोज वाद होतो, तुम्ही काय केलं असतं, असं. मग पंधरा दिवसांनी जाऊन काय झालं ते सांग, हे बरेच जण विसरतात.

धुळ्याची ताई: स्वतःच्या साहेबाला नको रे, तोच तुझं अप्रेझल, म्हणजे कामाचा शेरा लिहिणार, मोकळं बोलता येत नाही. क्वालिटी नाहीतर स्टोअरमधला जुना माणूस बघ.

भुसावळकर: ताईंचं एकदम बरोबर. आणि त्या कारागिरांतही सगळे ज्याचं ऐकतात असा एक असतोच, त्याला चहाला ने, लूम (चटई विणायचं मशीन) बंद पडल्यावर तो पोरांशी कसं बोलतो ते बघ.