महापौर जोसेफ चेंबरलेन: गॅस-पाण्याचं श्रेय खरं, पण पाडलेल्या घरांचं काय?

गावकूस
शहर कसं चालवावं, हा विषय निघाला की मला जोसेफ चेंबरलेन आठवतो. स्क्रूच्या कारखान्यात पैसा कमावलेला हा माणूस १८७३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा महापौर झाला. १८७५ मध्ये दोन खासगी गॅस कंपन्या आणि पुढच्याच वर्षी पाणी कंपनी त्याने पालिकेच्या ताब्यात आणली. गॅसच्या नफ्यातून शहर सुधारायचं, पण पाण्यावर नफा कमवायचा नाही, हे त्याचं धोरण. विहिरींचं घाण पाणी पिऊन माणसं मरत असताना पाणी भागधारकांच्या हाती ठेवायला तो तयार नव्हता. पाण्याच्या खासगीकरणाची तरफदारी करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

तळमजला
गॅस-पाणी मान्य. पण वस्ती पाडून शहरात काढलेला नवा रस्ता, कॉर्पोरेशन स्ट्रीट, का वगळलात? १८७५ चा कायदा कामगारांच्या घरांसाठी होता. त्याच्या आधारे गलिच्छ वस्ती पाडली आणि उभी राहिली दुकानं न् कचेऱ्या! पालिकेने स्वतः घरं बांधली ती १८९० मध्ये, रायडर स्ट्रीटवर, २२. तोवर उठवलेली कुटुंबं शेजारच्या, आधीच दाटलेल्या गल्ल्यांत शिरली. पुनर्वसनाशिवाय पाडापाडी म्हणजे सुधारणा नव्हे. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

गावकूस
ती घरं माणसं राहण्याजोगी होती का? शिवाय जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. वाढलेली किंमत शहराकडेच परत यावी, हा हिशोब त्यामागे होता. आज किती पालिका एवढा लांबचा विचार करतात?

तळमजला
लाभ ७५ वर्षांनी, घर आजच गेलं. ज्याचं गेलं त्याच्या वाट्याला काय आलं, एवढंच विचारतोय.

पाटीवाला
दोघांच्याही बोलण्यात अधिकाराचा मुद्दा राहिला. चेंबरलेनच्या मागे निवडून आलेलं मंडळ होतं, आणि निर्णयही त्या मंडळाचा, अंमलबजावणीही त्याचीच. मुंबईत १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे दिली, ती आजही तिथेच आहे. असा महापौर हवा म्हणता, तर आधी महापौराच्या हाती काही द्या.

तळमजला
द्याच. पण निवडून आलेल्यांनीच ती वस्ती पाडली होती, हेही लक्षात ठेवा. त्यांना निवडून देणारे करदाते होते. अधिकार देताना भाडेकरूला पर्यायी घर मिळाल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, अशी अट कायद्यातच घाला.