टेलिफोनची तार एकाची, सेवा अनेकांची: सक्ती असावी का?

धागाकर्ता:
एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार बहुतेक देशांत एकाच जुन्या कंपनीने, तीही स्पर्धक नसलेल्या काळात, टाकलेली आहे. घरोघरी दुसरी तार टाकणे नव्या कंपनीला परवडत नाही, म्हणून वाजवी भाड्याने ती स्पर्धकांना देण्याची सक्ती असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आवाज सुमारे ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि एडीएसएलची (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तंत्राची) माहिती त्याच्या वरच्या पट्ट्यात जात असल्यामुळे, दोन्ही वेगळे करणारा स्प्लिटर बसवला की एकाच तारेवर फोन एका कंपनीचा आणि इंटरनेट दुसरीचे चालू शकते. युरोपीय संघाने २००० साली तसा नियम केला. जपानमध्ये २००१ साली सॉफ्टबँक या कंपनीने एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्याच तारांवरून स्वस्त ब्रॉडबँड दिले आणि बाजारातले दर उतरले.

प्रतिसाद १ (असहमत):
दर उतरले हे खरे, पण फायबर टाकणाऱ्याला उद्या तेही नियामकाने ठरवलेल्या भाड्याने वाटावे लागणार असेल, तर तो भांडवल कशासाठी गुंतवेल? अमेरिकेत १९९९ साली आणलेली लाइन शेअरिंगची (एकाच तारेवर फोन एका कंपनीचा, इंटरनेट दुसरीचे) सक्ती न्यायालयाने २००२ मध्ये रद्दबातल ठरवली, कारण एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांकडून होणारी स्पर्धा विचारातच घेतली नव्हती. शिवाय व्हेक्टरिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या तारेवरचा वेग वाढवण्याच्या तंत्रात, शेजारच्या तारांचा परस्पर अडथळा काढण्यासाठी त्या सर्व तारांचे नियंत्रण एकाच यंत्रणेकडे असावे लागते. तारा वाटल्या की तो लाभ जातो.

धागाकर्ता:
व्हेक्टरिंगचा मुद्दा मला पटतो. तिथे प्रत्यक्ष तार न देता स्पर्धकाला घाऊक दराने आभासी जोडणी (मालकाच्याच यंत्रणेतून जाणारी) द्यावी. केबलचा मुद्दा मात्र पटत नाही. दोनच कंपन्या उरल्या तर त्यांना एकमेकींच्या दरांकडे पाहून निवांत बसता येते, आणि जिथे केबल पोहोचलेलीच नाही तिथल्या ग्राहकाला तर निवडच राहत नाही. फायबरसाठी निदान जमिनीखालचे डक्ट (तारा ओढण्याच्या नळ्या) आणि खांब वाटून घ्यावेत, कारण खर्चाचा मोठा भाग खोदकामातच जातो.

प्रतिसाद २:
तार बिघडली की सेवा देणारा मालकाकडे बोट दाखवतो, मालक सेवा देणाऱ्याच्या उपकरणाकडे, आणि ग्राहक मध्ये अडकतो. सक्ती करणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे.

धागाकर्ता:
ब्रिटनमध्ये २००६ साली बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारांचा कारभार ओपनरीच या वेगळ्या विभागाकडे दिला गेला, तो सर्व कंपन्यांना समान वागणूक मिळावी म्हणूनच. दुरुस्तीची मुदतही मालकाच्या आणि स्पर्धकाच्या ग्राहकांसाठी एकच ठेवावी, आणि ती चुकल्यास भरपाई तारेच्या मालकाने द्यावी.